मधले दोन सेकंद

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

एक पान जाऊन दुसरं येतं, त्या मधल्या वेळात माणूस नेमकं काय बघतो? दिवसभर हेच तपासते आहे आणि मला उत्तर माहीत नाही.

पण जमलं! ब्राउझरमध्ये नवी सोय आली आहे. आधी वेबसाइटवर पान बदललं की झटकन सगळं जाऊन दुसरंच समोर यायचं. आता यादीतल्या नावावर बोट ठेवलं की तेच नाव उचललं जातं, मोठं होत वर सरकतं आणि नव्या पानाचा मथळा होऊन बसतं. बाकीची यादी मागे विरत जाते. आमच्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात सगळ्यांनी हॉटेलांच्या फोटोंवर करून पाहिलं. मी बाबांच्या वह्यांवर.

बाबा दुर्गाघाटावरचे उपाध्ये. महाराष्ट्रातली घराणी काशीला आली की आमच्याकडे येतात, श्राद्ध करतात आणि जाताना वहीत नोंद करतात — कोण, कोणाचा, कुठला, कधी आला. अशा सतरा वह्या. घरात पहिली पदवी माझी, तिचा उपयोग इथे नाही तर कुठे? दीड वर्ष फोटो काढून, टाइप करून मी त्यांची वेबसाइट केली आहे. अजून ती फक्त आमच्या टॅबवरच उघडते.

काचबिंदूमुळे बाबांना आता वहीतलं अक्षर दिसत नाही. म्हणून पुढच्या मंगळवारी वह्या ब्रह्माघाटच्या नरहरकाकांकडे जायच्या ठरल्या आहेत. काकांचे दोन मुलगे याच कामात. बाबांना मी एकटी. पण रविवारी वाईहून यजमान येताहेत, त्यांचं पान मी नीट दाखवलं तर बाबा पुन्हा विचार करतील. एवढं कबूल करून घेतलंय.

दाखवीनच!

१२ नोव्हेंबर

काही नावं उचललीच जात नाहीत. पान पूर्वीसारखं झटकन बदलतं. साठ-सत्तर नावं तपासली, त्यातली अकरा अशी. चूक ब्राउझरचीच आहे. पुराव्यासकट ब्राउझर बनवणाऱ्यांना लिहून पाठवलं. काशीतून कोणीतरी त्यांची चूक काढली म्हणायची!

१३ नोव्हेंबर

चूक माझी. उत्तर आलं, सभ्यपणे. एका पानावर दोन गोष्टींना एकच खूण दिली तर ब्राउझर कोणाला उचलायचं ते ठरवू शकत नाही, सोडून देतो. मी माणसाच्या पूर्ण नावालाच खूण केलं होतं. आणि आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव! वाईच्या आपट्यांत वेणीमाधव गजानन, मग गजानन वेणीमाधव, मग परत वेणीमाधव गजानन.

बाबा पोट धरून हसले. म्हणाले, चार पिढ्या दोन नावांत काढतात लोक, मी तर आलेल्या वर्षावरून ओळखतो. मग मीही तेच केलं. आता प्रत्येक नावापुढे शेवटचं आल्याचं वर्ष. खूण वेगळी झाली, अकराही नावं उचलली गेली. यादीही किती स्वच्छ दिसते — गाव, नाव, वर्ष.

१५ नोव्हेंबर

रंगीत तालीम. बाबांना काही दिसेना, म्हणाले, कधी गेलं न् कधी आलं? म्हणून वेग कमी केला. पाव सेकंदाऐवजी पूर्ण दोन सेकंद. आता त्यांनाही नाव वर जाताना दिसतं.

“आणि मागची नावं कधी जातात?”

जातात की, सावकाश, मी म्हटलं.

त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. वही दाखवताना ते घडी घातलेला पंचा पानावर आडवा ठेवतात, एकच ओळ उघडी राहते. नजर ओळीवरून घसरू नये म्हणून असावं. आता पंच्याची गरजच उरली नाही.

नरहरकाका चहाला आले होते. टॅबकडे बघत म्हणाले, “याला संकल्प सांगता येतो का गं?” आई म्हणाली, तुमच्या धाकट्याला तरी कुठे येतो. काका हसले. मंगळवारी दहाला येतो, म्हणाले.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात वळत नाही.

मृणालिनीबाई आपटे आल्या, साठीच्या, सोबत मुलगी. त्यांचे पती वेणीमाधव मार्चमध्ये गेले. बालाजी घाटावर श्राद्ध झालं, मग सगळे घरी आले. बाबांनी मोठेपणाने म्हटलं, आज पान आमची ऋता दाखवेल. मी टॅब त्यांच्या हातात दिला. वाईची यादी. त्यांनी नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. नाव उचललं गेलं, वर चाललं, किती सुंदर!

त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. मागे विरणाऱ्या यादीकडे बघत होत्या.

“मागे घे,” म्हणाल्या.

घेतलं. त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ओळीवर. प्रल्हाद गजानन आपटे, २०१९.

“हे आमचे प्रल्हादभावजी. बावीस वर्षं झाली घर सोडून. पत्ता नाही.”

मुलीने विचारलं, आजी कधी गेली? २०१८ च्या अखेरीस. बाईंनी बाबांकडे मान वळवली.

“सासूबाई गेल्या ते त्यांना कळलं होतं?”

बाबा म्हणाले, आले होते, आईचं श्राद्ध करून गेले. याहून जास्त न सांगण्याचा शब्द दिलाय. बाई रडल्या नाहीत. टॅब उलटा करून सतरंजीवर ठेवला. सासूबाई शेवटपर्यंत दाराची कडी लावू देत नव्हत्या, एवढं म्हणाल्या. त्या मंगळवारपर्यंत काशीत आहेत.

१७ नोव्हेंबर

मूळ नोंद काढून पाहिली. आपट्यांच्या पानावर नाहीच ती. बाबांनी मुद्दाम दुसऱ्या वहीत, एकट्याची लिहिली आहे. समासात बारीक अक्षरात — घरच्यांनी विचारल्यास दाखवू नये. खाली फोन नंबर. मी टाइप करताना समास सोडून दिला होता. त्यासाठी रकाना केला नव्हता. आणि गावावर क्लिक केलं की त्या गावचे सगळे एका यादीत, ही माझीच हुशारी!

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. पंचा मांडीवर घेऊन बसले होते.

“हा कशासाठी असतो असं वाटलं तुला?”

ओळ चुकू नये म्हणून, मी म्हटलं.

“एकाचं पान दुसऱ्याला दिसू नये म्हणून, बेटा. भरोशावर लिहितात लोक. माझ्या आजोबांपासून एकही ओळ बाहेर गेली नव्हती.”

मग म्हणाले, नरहर उद्या येतोय, वह्या बांधून ठेव.

बांधल्या नाहीत. यादी काढून टाकली. आता टॅबवर कोणतीच नावं आधी दिसत नाहीत. वडिलांचं आणि आजोबांचं नाव लिहा, आलेलं एखादं वर्ष सांगा, मग आपलंच पान उघडतं, रिकाम्या पांढऱ्या पानावरून. समासासाठी रकाना केला. सतरा वह्यांचे समास पुन्हा वाचले. अशा आणखी सहा नोंदी निघाल्या. त्या टॅबवर राहणार नाहीत.

दीड वर्षात जे काम मला कळलं नव्हतं ते आज कळलं. आता मला ते येतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा संध्येला बसले असताना समासातला नंबर लावला. प्रल्हाद आपट्यांनीच उचलला. सांगितलं, मी विष्णू उपाध्यांची मुलगी, तुमचं नाव तुमच्या वहिनींना माझ्या चुकीने दिसलं, बाबांनी शब्द मोडलेला नाही, वहिनी आज काशीहून निघताहेत. मग त्यांनी विचारलं, वहिनी कितीची गाडी पकडणार? रात्री साडेआठ, म्हटलं. वहिनींचा नंबर मागितला. त्यांना विचारून देते, म्हटलं. विचारलं, मग दिला.

त्यानंतर नरहरकाकांना फोन केला, येऊ नका, वह्या इथेच राहतील. बाबांना दोन्ही गोष्टी सांगून झाल्या आहेत.