वडिलांच्या हाताखालचे सहा दिवस आणि एक आभारपत्र

प्रति,
मा. व्यवसाय मार्गदर्शन अधिकारी,
विद्यार्थी कार्यपरिचय कक्ष, दुसरा मजला.

विषय : मीटर वाचनाचा माझा कार्यपरिचय ग्राह्य धरणे व एका पत्राचा खुलासा करणे याबाबत.

संदर्भ : १) माझ्या वहीवरील आपला शेरा. २) माझ्या वडिलांना आलेले आपलेच आभारपत्र. (दोन्ही एकाच दिवशी मिळाली.)

महोदय,

मी दहावी 'क'ची विद्यार्थिनी. आपण वाटलेल्या पुस्तिकेत पान चारवर लिहिले आहे की, बदलत्या जगात प्रश्न विचारणारेच पुढे जातात. मी यंदाच प्रश्न विचारू लागले आहे, तरी अर्ज लांबला तर सांभाळून घ्यावे.

१. सहा दिवस एखाद्या कामकऱ्यासोबत राहून वही भरायची, अशी आपली योजना आहे. मी विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे वर्कशॉप मागितले होते. मिळाले 'वीजमीटर वाचन', आणि मार्गदर्शकाच्या रकान्यात माझे वडील.

२. वडील एकवीस वर्षे घरोघरी फिरून मीटरचे आकडे टिपत. आठ महिन्यांपूर्वी नवे मीटर बसले. ते आपले आकडे आपणच कळवतात, म्हणून वडिलांना घरी बसवले. हे मी आपल्या खिडकीवर सांगितले. तेथील बाई म्हणाल्या, "यादीत आहेत ना? मग आहेत. आणि घरचेच साहेब मिळाले, चंगळ आहे की तुझी!"

३. वडील हसतील असे वाटले होते. ते उठून बॅटरी शोधू लागले. सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "उशीर झाला तर शेरा मारीन हं." आम्ही त्यांच्या जुन्या गल्ल्यांतून सहा दिवस फिरलो. जिन्याखालच्या अंधारात मीटरच्या काचेवर चकाकी येऊ नये म्हणून बॅटरी तिरपी धरायची, आकडा दोनदा वाचायचा आणि एकदाच लिहायचा, हे मी शिकले. कोणालाही नको असलेले चारशे बारा आकडे मी सुवाच्य अक्षरात लिहिले आहेत. एक काकू वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, दिसला नाहीत, वाटलं आजारी पडलात. ते नवं मशीन काही पाणी प्यायला थांबत नाही."

चौथ्या दिवशी एका शिंप्याकडे सगळी बटणे बंद असूनही मीटरचा दिवा लुकलुकत होता. वडील म्हणाले, "कुठेतरी करंट गळतोय." मोरीच्या ओल्या भिंतीत वायर उघडी निघाली. त्याच भिंतीला टेकून शिंप्याची आई रोज भांडी घासते. नव्या मीटरने आकडा बिनचूक कळवला होता. वायरीबद्दल तो काही बोलला नव्हता. (वही, पान अकरा.)

४. वहीवर आपला शेरा आला : 'मार्गदर्शक सेवेत नसल्याने अग्राह्य.' कार्यपरिचयाच्या दाखल्याशिवाय तंत्र अभ्यासक्रमाचा माझा फॉर्म घेणार नाहीत, आणि मुदत येत्या शुक्रवारी संपते. वडिलांना मात्र पत्र आले : 'भावी पिढी घडवल्याबद्दल आभार. पुढील सत्रात आपल्याकडे तीन विद्यार्थी देत आहोत.' मग माझ्या वेळी जे सेवेत नव्हते, ते त्या तिघांच्या वेळी कसे असतील? (पुस्तिका, पान चार.)

५. वडिलांनी बॅटरीत नवे सेल घातले आहेत. काल जेवताना मला विचारत होते, "तिघांना एका जिन्याखाली उभं कसं करायचं गं? एक तर बाहेरच राहणार." माझ्या वहीवरचा शेरा मी त्यांना दाखवलेला नाही.

तरी विनंती की, माझे सहा दिवस शुक्रवारपूर्वी ग्राह्य धरावेत. तीन विद्यार्थी खरोखर पाठवणार असाल तर वडिलांच्या नावापुढे वायरीची गळती शोधणे हे काम लिहावे, ते त्यांना येते. पाठवणार नसाल तर आपल्या कक्षातून कोणीतरी घरी येऊन त्यांना तसे सांगावे. मी हल्ली कोणालाही काहीही विचारू शकते, पण हे त्यांना सांगायला दोनदा गेले आणि दोनदा परत आले. ते काम माझ्या कार्यपरिचयात धरू नये.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
हजेरी क्रमांक ३१, दहावी 'क'
दिनांक : ९ जानेवारी

सोबत :
१) वही, चारशे बारा आकड्यांसह.
२) शेऱ्याची प्रत.
३) आभारपत्राची हाताने केलेली नक्कल. मूळ पत्र जोडता येत नाही. वडिलांनी ते आरशाशेजारी डिंकाने चिकटवले आहे.