मागावरच्या खुणा

चि. चन्नम्मा, माझ्या बाळा,

आपल्या कबनूरच्या शाळेत दानेश्वरी नावाच्या नव्या बाई आल्यात. त्यांच्या वर्गात तुझ्यासारखीच एक बहिरी पोरगी हाय. परवा बाई घरी येऊन म्हणाल्या, "आप्पा, कापड कारखान्यात मागांच्या खडखडाटात तुम्ही हातानं बोलता की. त्या खुणा मला शिकवा."

"निम्म्या शिव्याच हायत, बाई," मी म्हणालो. उरलेल्या शिकवल्या. आता अख्खा वर्ग त्या पोरीशी हातानं बोलतोय.

तीस वर्षं मी कारखान्यात हातानं बोललो आणि घरी येऊन तुझ्यावर ओरडलो. 'हिला काय कळतंय' म्हणून तुला शाळेतनं काढलं ते मास्तरांनी न्हाय, मीच.

तुला वाचता येत न्हाय, म्हणून हे पत्र टाकत न्हाय. रविवारी तुझ्या सासरी येतो. 'चुकलो' म्हणायची खूण आमच्या कारखान्यात नव्हती. ती बाईंकडनं शिकून येतो.

तुझा,
आप्पा