पटियाहून येणारी पेज

सौभाग्यवती वहिनी,

हे विशेषण लिहिताना आज प्रथमच हात अडखळला.

दादा मलेरियाने तीन दिवस बेशुद्ध आहे. पटियाहून तुमची पेज रोज चट्टग्रामच्या इस्पितळात येते आणि "नळीतून दिली" असं मी कळवतो. ते खोटं आहे.

डॉक्टर मुस्तफिजांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पंडितमशाय, यांना खोकताही येत नाही. आत्ता पोट भरलंत तर उलटून फुप्फुसात जाईल."

"अहो, उपाशी मरेल तो!"

"सलाईन चालू आहे. तीन दिवसांच्या भुकेनं नाही मरत कुणी. घाईनं मरतात."

पेज मीच प्यायलो. अन्न टाकणं शास्त्रात बसत नाही.

आज डॉक्टरांनीच नाकातून नळी घातली, पेजेचे चार चमचे दिले. मी त्याचा श्वास ऐकत बसलोय. घरघर नाही, अजून तरी.

तो डोळे उघडेपर्यंत हे पत्र खिशातच राहील. तुम्हाला निरोप तेवढा धाडतो: उद्या मीठ कमी घाला.

तुमचा दीर,
निवारण