गुंडाळून आणलेली हिरवळ

४ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे बरे आहेत हे वाचून आनंद झाला. निदान तुझे तरी आहेत. परवा मागच्या अंगणात शेवाळावरून माझा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. मोडलं नाही, पण लेक नेमकी त्याच दिवशी आलेली. तुझी वहिनी गेल्यापासून या दोन वर्षांत मी अंगणात फक्त कपडे वाळत घालायला जातो, हे तिच्या लक्षात आलं. गवत कमरेइतकं, वाट बुळबुळीत, आणि वेल चढल्यामुळे फाटक अर्धंच उघडतं. मनगटाला पट्टी बांधता बांधता तिने निकाल दिला, की सहा महिन्यांत अंगण नीट झालं नाही तर घर विकायचं आणि मी तिच्याकडे नवव्या मजल्यावर राहायला जायचं. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून मी दुकानदारांना मुदती दिल्या. स्वतःला मुदत मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मग बागकामवाले बोलावले. तिघं आली. पहिला म्हणाला, सगळीकडे फरशी घाला, कटकट मिटेल. मी म्हटलं, माझी मिटल्यावर घाला. दुसऱ्या आल्या त्या कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्या बाई. त्यांनी खुरप्याने चार ठिकाणी उकरलं, माती चोळून तिचा वास घेतला, आणि पाणी कुठे साचतं, दुपारचं ऊन कुठे पडतं, आम्ही गेल्यावर तण कोण काढणार, असे प्रश्न विचारले. वर म्हणाल्या, अंगण डोळ्यांत भरायला वर्ष लागेल. माझ्याकडे महिने सहा! तिसरे आराखडेसाहेब. (हे नाव मी ठेवलंय.) चकचकीत बूट असल्यामुळे ते मातीत उतरले नाहीत. व्हरांड्यातच रंगीत आराखडा उलगडला. त्यात कारंजं होतं आणि हसणारं एक कुटुंब होतं. दहा दिवसांत काम पूर्ण म्हणाले. काम त्यांनाच दिलं.

लोभ आहेच, तो सल्ल्यांच्या रूपाने फार वाढू नये.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मनगटाची काळजी घे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं तुझं झालंय. दहा दिवसांत तर भिंतीचा रंगसुद्धा धड वाळत नाही. त्या साहेबांनी तीन वर्षांपूर्वी केलेली एखादी बाग बघून ये. तीन आठवड्यांपूर्वीची नको. आणि काम झाल्यावर देखभालीला कोण येणार, किती वेळा येणार, हे कागदावर घे. आयुष्यभर लोकांच्या तराजूंत खोट काढलीस, मग घरच्याच कामात डोळे का मिटतोस?

मला तर ती नर्सरीवाली बाई पसंत आहे. जी माती हुंगते, ती निदान आपल्याला काय मिळालंय ते बघते. वहिनीही तेच करायची, आणि तू तिच्या मातकट हातांवरून कुरकुर करायचास.

माझं ऐकणार नाहीस, हे माहीत आहे. तरीही लिहिते, म्हणजे नंतर आठवण करून देता येते.

रागावलास तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बेबी

२ एप्रिल

चि. बेबीस,
अ. उ. आ.

आठवण करून द्यायची तुझी संधी हुकली! अंगण तयार आहे. ट्रकमधून हिरवळ आली, सतरंज्यांसारखी गुंडाळलेली. चार माणसांनी ती उलगडून अंथरली आणि वरून यंत्राने दाबली. जुना पालापाचोळा, झुडपं, सगळं भरून नेलं. वाटेला पांढरे खडे. मी पट्टी लावून पाहिलं, गवत सगळीकडे चार सेंटिमीटर. इतका सरळ व्यवहार मी नोकरीत पाहिला नाही.

फक्त महिनाभर त्यावर चालायचं नाही. कपडे आता न्हाणीघरात वाळतात. लेकीला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला आणि घर ओळखू येत नाही म्हणाली. मलाही येत नाही.

तुझ्या मायेचा आणि माफीचा अभिलाषी,
दादा

२४ मे

चि. बेबीस,
आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. लेकीला यातलं अक्षर कळता कामा नये. तुला माझी शपथ.

हिरवळ गेली. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग मधोमध ठिगळं. मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तर ती कुजून वास मारू लागली. आराखडेसाहेबांना अकरा फोन केले. बाराव्याला त्यांनी माणूस धाडला. त्याने पाठीवर पंप अडकवून सगळीकडे हिरवा रंग फवारला. खरंच सांगतो, रंग! संध्याकाळी शेजाऱ्यांचं पांढरं मांजर त्यावर लोळलं आणि हिरवं होऊन घरी गेलं. शेजारीण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्यानंतर साहेबांचा फोन बंदच.

नाक मुठीत धरून नर्सरीवाल्या बाईंकडे गेलो. वाटलं, टोमणा मारतील. त्या खुरपं घेऊन सरळ माझ्याबरोबर निघाल्या. त्यांनी हिरवळीचा कोपरा धरून ओढला, तर अख्खा पट्टा हातात आला. मुळं मातीत उतरलीच नव्हती. खाली प्लास्टिकची जाळी, तिच्याखाली विटांचे तुकडे, आणि यंत्राने दाबून दगड झालेली जमीन. बाई म्हणाल्या की काम त्या करतील, पण रोज तासभर मी सोबत खपायचं, कारण अंगण त्यांचं नाही, माझं आहे.

म्हणून सध्या मी विटा वेचतो. बाई दाताळ्याने जमीन उकरतात, मी मागून पालापाचोळ्याचं खत घालतो. पाणी रोज शिंपडायचं नाही. आठवड्यातून एकदोनदा, पहाटे, खोलवर मुरेल असं. गवत तीन बोटांपेक्षा खाली कापायचं नाही. मी पट्टी काढली, तर त्यांनी ती काढून घेतली आणि बोटं वापरा म्हणाल्या.

सप्टेंबर जवळ येतोय. जमीन अजून बोडकी आहे.

आठवण करून देऊ नकोस; त्याहून मोठा लोभ नाही.

दादा

२८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुझ्यापाशीच बोलता येते. बाबांनी एप्रिलमध्ये पाठवलेला अंगणाचा फोटो मी ऑफिसातल्या एका जोडप्याला दाखवला. दोघं वेडावलीच. त्यांना असंच घर हवं आहे. अंगण नीट झालं तर बाबा तिथेच राहतील असं मी म्हटलं होतं, ते मला आठवतं. पण मनगटाचं आज निभावलं, उद्या कंबर मोडली तर? तिथे त्यांना उचलायला कोण आहे? आणि घराला इतका चांगला भाव पुन्हा येणार नाही.

मी त्या दोघांना घेऊन पुढच्या महिन्यात जातेय. तू बाबांची समजूत घाल ना. तुझं ते ऐकतात.

तुझ्या पाठबळाची भुकेली,
भाची

३ सप्टेंबर

चि. पिल्लूस,
अ. उ. आ.

दादा माझं ऐकतो, हा शोध तू कुठून लावलास? साठ वर्षांत मला लागला नाही. समजूत मी घालणार नाही. शपथेमुळे जास्त लिहिताही येत नाही. फोटो पर्समध्येच ठेव, आणि आधी आपल्या डोळ्यांनी बघ. गवतही बघ, आणि माणूसही.

काळजी कळते तुझी. काळजीवाल्या माणसांनीच जास्त घाई करू नये.

आत्या

२१ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सगळं जाणून होतीस! भांडण नंतर करीन, आधी घडलं ते ऐक.

आम्ही फाटकातून शिरलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोतलं काहीच तिथे नव्हतं. निम्म्या जागेत कोवळं, विरळ गवत, एका कोपऱ्यात विटांचा ढीग, आणि बाबा कोपरापर्यंत चिखलात. मी पाहुण्यांची ओळख करून दिली. ते कशासाठी आलेत, ते बाबांना लगेच कळलं. चेहरा उतरला. हात धुतले आणि स्वतःच अंगण दाखवायला निघाले.

आणि दाखवलं काय, तर दोष! आत्या, एकही सोडला नाही. फोटोतलं गवत मेलं हे सांगितलं, ते रंगवलं होतं हेसुद्धा. पाणी अजून कुठे तुंबतं ते दाखवलं. कुंपणाजवळची जमीन सुधारायला दोन वर्षं लागतील म्हणाले. मला वाटलं, मुद्दाम घराची किंमत पाडताहेत. तसं नव्हतं. खोटं माप त्यांच्या हातून जातच नाही.

पण बोलता बोलता ते खुलले. मूठभर माती उचलून पाहुण्या बाईंच्या हातावर ठेवली आणि वास घ्यायला लावला. गांडुळं दाखवायला खाली बसले, उठले, पुन्हा बसले. भिंत धरली नाही, माझा हात धरला नाही. आई गेल्यापासून ते एका वेळी चार वाक्यांच्या वर माझ्याशी बोलले नव्हते. इथे तासभर थांबेनात.

झालं उलटंच. इतका खरं बोलणारा विकणारा आम्ही पाहिला नाही, असं म्हणून ती दोघं तिथल्या तिथे घर घ्यायला तयार झाली. बाबांनी मान डोलावली, अंगणाची काळजी घ्या एवढंच म्हणाले, आणि पाठ फिरवून तण उपटायला बसले.

मी पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि घर विकायचं नाही असं सांगून टाकलं. ती दोघं चिडली, आणि ते बरोबरच होतं. ऑफिसात आता महिनाभर तोंड लपवावं लागेल.

बाबांना यातलं अजून काहीच ठाऊक नाही. व्यवहार ठरला असं समजून ते माझ्यावर जाम संतापलेत आणि खुरपं चालवताहेत. मी खिडकीत बसून हे लिहितेय. आत्ताच जाऊन सांगायला हवं, कळतं मला. पण त्या रागात इतकं भराभर तण निघतंय, की कुंपणापर्यंत पोचू द्यावं म्हणते.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
भाची