दुसऱ्या जागेवरचं नाव

पिपरटोला,
ता. १२ नोव्हेंबर

माझी मैना,

आईचा आशीर्वाद घे. मी बरी हावो, गुडघा तेवढा बरा नाई. फोन तू उचलत नाईस, म्हून तिसरी शिकलेल्या हातानं लिवतो. यंदा शिंगाडे बक्कळ निंगाले. प्रफुलच्या बकरीनं माह्या नव्या साडीचा पदर खाल्ला. तो म्हनते, "काकी, तिले जरीच आवडते!" ते राहू दे. खरी गंमत वेगळीच हाये.

मच्छीमार सोसायटीत आता आपली रीता बसते, तुह्या भावाची पोरगी. सभासदांची नावं घ्यायले तिनं कॉम्प्युटरात नवा प्रोग्राम बनवला. पन यादी छापनारा प्रोग्राम जुनाच, पंचवीस वर्षांचा. नवा त्याले हाक मारते, मंग तो छापते. यादी भिंतीवर लागली, तं काय! साऱ्या बायांपुढं नवऱ्याच्या जागी 'पिपरटोला', गावाच्या जागी तलावाचं नाव, अन् तलावाच्या जागी नुसता अक्षरांचा कचरा. पोचूची बायको म्हने, "गुणाबाई, साऱ्याइचा नवरा एकच निंगाला व माय!"

मले चैन पडे ना. दोन दिवस रीताच्या खुर्चीमागं जाऊन बसली.

"काऊन झालं असं?"

"आजी, जुन्याले चार गोष्टी पाह्यजे, ठरल्या क्रमानं. नाव, नवऱ्याचं नाई तं बापाचं नाव, गाव, तलाव. बायांची दुसरी मी गाळली. म्हटलं, बाईचं नाव बाईचं. त्यानं विचारलं नाई, जे आलं ते पुढच्या जागेत भरलं."

"मंग त्यालेच बदलव ना."

"लिवनारा साहेब कवाचा रिटायर झाला. त्याले हात लावला तं बाकीचं बंद पडन. आपल्यालेच त्याच्या हिशेबानं द्या लागते."

"दुसरी जागा कोरी दिली तं?"

"चालते. जागा द्या लागते, आजी. आत कोनाचं नाव हाये, ते तो नाई पाहात. तीस अक्षरांत बसलं म्हंजे झालं."

कोनाचं नाव हाये ते पाहातच नाई! मैने, मी उठून उभीच राह्यली.

सात वर्षांमागं तू इस्तारीचं घर सोडलं. सोसायटीत म्हनाली, माह्या नावापुढं नवऱ्याचं नाव नोका लिवू. सेक्रेटरी तयार होता. लिवा म्हून मीच सांगतलं, लोक काय म्हनतीन या भेवानं. त्याच नावावर तुह्या वाट्याची मासोळी इस्तारी उचलत राह्यला, अन् तू बल्लारपूरले निंगून गेली. सेक्रेटरीवर राग धरला असशीन तं धरू नोको. माहंच काम होतं ते.

महिनाअखेर यादी पक्की होते. तिच्यात नाव नसलं तं मंग वर्षभर तलावात जाळं टाकाले भेटत नाई. फॉर्म संगं पाठवतो. सारं रीतानं भरलं, सही तुही. दुसरी जागा मी कोरी ठेवाले लावली. कोरीच ठेव वाटलं तं कोरी ठेव, मी काई म्हननार नाई.

पन काई लिवा वाटलं, तं आईचं नावबी चालते. रीताले विचारलं मी.

तुही आई,
गुणाबाई
(चारच अक्षरं हायेत. मोजून पाह्यली.)