सुरू झालेला तास पूर्ण

२ तारीख
तासावर चालणारं वायरलेस इंटरनेट घेतलं. डोंगल लॅपटॉपला खोचायचं, काम झालं की काढायचं. जेवढा वापर तेवढंच बिल. कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म काढलाय, मला वेळ वाचवायला कोणी शिकवू नये. लेकीची मुलाखत यावरच होणार. नोकरी घरून करायची आहे. पोर डोळ्यांसमोर राहील, आणखी काय हवं?

५ तारीख
लेक काहीतरी वाचत होती. वाचायला इंटरनेट कशाला? उपटलं. पान संपल्यावर परत खोचलं. काही बोलली नाही. पटलं असावं.

१४, सकाळ
बिल बघून डोळे पांढरे झाले. कस्टमर केअरच्या बाईंना फोनवर चांगलं झाडलं. त्या म्हणाल्या, काका, प्रत्येक वेळी जोडलं की नवा तास धरतात आणि सुरू झालेला तास पूर्ण लागतो. लावूनच ठेवा, स्वस्त पडेल. पढवलेला पोपट! कारखान्यात कामगाराला पाच मिनिटं उशीर झाला की मीही अर्धा दिवस कापायचो, पण ती शिस्त होती. ही लूट आहे.

१४, दुपार
बायको म्हणते, त्या बाईंचं ऐका. हिला हिशेबातलं काय कळतंय! निश्चय: यापुढे दुप्पट वेळा उपटायचं. कंपनीला घाम फुटला पाहिजे.

१९ तारीख
मुलाखत. आज डोंगलला हात लावायचा नाही, असं बायकोने बजावलं. कबूल केलं. लेक फाडफाड उत्तरं देत होती. ऊर भरून आला. मग एका प्रश्नावर गप्प झाली. तिकडचे साहेबही गप्प. कोणीच बोलत नाही म्हणजे वापर शून्य, आणि मीटर चालूच! राहवलं नाही. उपटलं.
लेक लॅपटॉप घेऊन शेजारच्या शिंपीणबाईंकडे धावली. त्यांच्याकडे इंटरनेट महिनाभर चालूच असतं. उधळी बाई.

२१ तारीख
नोकरी लागली! जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. वर आलो तेव्हा लेकीने बाकीचं सांगितलं. त्या साहेबांनी विचारलं होतं, घरून काम करायला काही अडचण? खरं सांगावं की नाही, याचा ती विचार करत होती. परत जोडल्यावर साहेब म्हणाले, उत्तर मिळालं. आता काम त्यांच्या ऑफिसात, परक्या गावी.
चूक अर्थातच कंपनीची. बिल नीट लावलं असतं तर मी कशाला उपटलं असतं? बायकोला हे समजावून सांगितलं. ती लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

२४ तारीख
लेक गेली. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "बाबा, फोनवर मी बोलता बोलता गप्प झाले, तर लगेच कापू नका हं."
बरं म्हणालो.