बादली नसलेलं झाड

२४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! स्टेशनापासून बर्फावरच्या घसरगाडीतून येताना नाक गळून पडतंय की काय असं वाटत होतं. पडलं नाही, आहे तिथंच आहे, लांबच्या लांब. आल्डनने माझ्या पायांखाली गरम विटा ठेवल्या होत्या, फडक्यात गुंडाळून. गिरणीच्या खानावळीत मी इतकी वर्षं लोकांच्या पोटांची काळजी केली, पण माझ्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती. लग्न होऊन जेमतेम आठवडा झालाय, आणि या वयात मी नव्या नवरीसारखी लाजले. हसावं की रडावं ते कळेना.

घर लहान आहे, पण चूल धूर झकास ओढते. स्वयंपाकघराच्या दारासमोर एक म्हातारा मेपल आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. खुंटीवर लहान मुलीचे लाल लोकरी हातमोजे टांगलेले आहेत. ते हेटीचे, आल्डनच्या मुलीचे. तिची आई बाळंतपणातच गेली, आणि गेल्या वर्षी जानेवारीत हेटीही छातीच्या तापाने गेली, नऊ वर्षांची. लग्नाआधी आल्डनने मला एवढंच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. मीही मोजे हलवले नाहीत. मला मूल झालं नाही, आता होणारही नाही. ती असती तर मला आई म्हणाली असती का, असा एक वेडा विचार मनात आला. जाऊ दे.

६ मार्च

मेपलचा गोड रस सुटला! रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असं जमलं की झाडं पाझरतात. गिरमिटाने बुंध्याला भोक पाडायचं, नळी ठोकायची, बादली अडकवायची. मग दिवसभर रानात टप टप. गुऱ्हाळात भट्टी पेटली आहे. काहिलीत रस आटताना फेस वर आला की आल्डन साईचा एक थेंब टाकतो, की फेस गपकन खाली बसतो. खानावळीत भांडणं चालायची तेव्हा असली साय मिळाली असती तर!

आल्डन सगळ्या झाडांना बादल्या लावून आला आणि दारातल्या म्हाताऱ्यालाच विसरला. मी हसले मनात. तो गुऱ्हाळात असताना गिरमिट घेतलं आणि स्वतःच भोक पाडलं. एवढ्या जाड बुंध्याला तीन बादल्या सहज लागतील, पण माझे हात भरून आले, म्हणून एकच लावली. त्याला सांगितलं नाही. वेगळा पाक करून अचानक ताटात वाढणार आहे.

११ मार्च

हात दाखवून अवलक्षण!

परवापासून कडक थंडी पडली, सगळी झाडं गप्प झाली. दारातलं तेवढं पाझरत होतं. मला कौतुक वाटलं. तो रस चुलीवर आटवला आणि आज न्याहारीच्या धिरड्यांवर वाढला. मला कापराचा वास आला, वाटलं पातेलं नीट धुतलं नसेल. आल्डनने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला. कुठल्या झाडाचा म्हणून विचारलं. मी खिडकीकडे बोट केलं.

"तिथं हेटी आहे," तो म्हणाला.

इथं हिवाळ्यात मेलेल्यांना लगेच पुरत नाहीत, जमीन लोखंडासारखी असते. गावाच्या दगडी कोठीत पेट्या ठेवतात आणि वसंतात पुरतात. पण परक्यांच्या रांगेत, अंधारात, पोरीला ठेवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने झाडाखाली लाकडं पेटवून जमीन वितळवली आणि मुळांच्या मधून खणून तिला तिथं ठेवलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक असेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

नळी आत्ता काढते म्हणून उठले, तर त्याने मनगट धरलं. शेवटच्या दिवसांत तो तिच्या छातीला कापराचं तेल चोळायचा म्हणे. मग त्याने पावाच्या तुकड्याने ताट पुसून पुसून खाल्लं. रडत होता आणि खात होता.

१६ मार्च

आल्डन दुसरं काही खात नाही. रानातल्या बादल्या भरून वाहतायत, त्याला शुद्ध नाही. हेटी बोलते म्हणतो. मी म्हटलं, अरे बाबा, तो थेंबांचा आवाज आहे. तो नुसता हसला.

आज धुणं वाळत घालताना मीही ऐकलं. टप टप. मग थांबलं. मग बादलीत कुणीतरी खोकलं. लहान, कोरडा खोकला.

२७ मार्च

शेजारच्या युनिसबाई आल्या होत्या. खाली खोऱ्यात बेडूक ओरडायला लागलेत, झाडांना लाल कळ्या आल्यात. कळी फुटली की रसाला घाण वास येतो, नळ्या काढायच्या, हंगाम संपला. मग तुमच्याच अंगणात एवढा बर्फ कसा, म्हणाल्या.

कसा म्हणजे काय! आल्डन रोज फावड्याने आणून झाडाच्या मुळांशी रचतो, वर पेंढा दाबतो. कळी एक-दोन दिवस लांबवायची ही म्हाताऱ्यांची जुनी युक्ती. हा तर वसंतालाच दाराबाहेर अडवून बसलाय. त्याचा कोट आता खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. ओठ निळे पडलेत.

जाताना युनिसबाईंनी माझे हात धरले. म्हणाल्या, "झाड फुटू दे, लव्हिना. पोरीला जाऊ दे, नाहीतर ती बापाला घेऊन जाईल."

२ एप्रिल

त्याने दुसरी बादली लावली. ही कुणासाठी म्हणून विचारलं. स्वतःसाठी म्हणाला. तिला तिथं एकटीला भीती वाटते म्हणे.

मी पाया पडायची बाकी राहिले. शेवटी न राहवून विचारलं, आणि माझं काय, आल्डन? मी कुणाच्या तोंडाकडे बघू? त्याने चुलीतून विटा काढल्या, फडक्यात गुंडाळल्या, आणि माझ्या पायांखाली ठेवल्या.

हे मरेपर्यंत विसरणार नाही.

५ एप्रिल

दुपारी त्याचा डोळा लागला. मी फावडं घेतलं आणि सगळा बर्फ उपसून टाकला. ओली काळी माती दिसली. झाड फुटू दे, माझा माणूस मला राहू दे — एवढंच म्हणत होते.

मागे वळले तर तो उभा. रागावला नाही. मी मोकळ्या केलेल्या मातीवर बुंध्याला टेकून बसला. उठवलं, ओढलं, उठेना. घोंगडी पांघरली. युनिसबाई डॉक्टरला आणायला गेल्यात. मी चुलीवर विटा तापत ठेवते आहे, त्या आता त्याच्या पायांशी —

६ एप्रिल

गेला.

विटा घेऊन बाहेर आले तर त्याच्या छातीपर्यंत बर्फ. थापून थापून बसवलेला. त्याचे हात घोंगडीच्या आत, कोरडे. फावडं माझ्याकडे, घरात होतं.

बर्फावर बोटांचे ठसे होते. लहान —

८ एप्रिल

आल्डनला आज गावात पुरलं. तिथली जमीन मऊ झालीय. इथं नको, असं मीच सांगितलं.

परत आले. दुसऱ्या बादलीत थेंब पडत होते. जड, सावकाश. पहिलीत तोच लहान, कोरडा खोकला. मग दोन्ही थांबतात — माझी चाहूल लागली की.

शेंड्याला एक लाल कळी आहे. उद्या-परवा फुटेल. मग दोघंही जातील, सगळं संपेल. मला बरं वाटायला हवं.

बोट बुडवून चाखलं. कापूर नाही आता. तापलेल्या विटेचा वास.

९ एप्रिल

युनिसबाई बोलावतायत, त्यांच्याकडे राहा म्हणून. नंतर येते म्हटलं.

आज ती बोलली. मी दारात उभी होते. जन्मभर मला लोक स्वैपाकीण म्हणाले, बाई म्हणाले, ए म्हणाले —

"आई, थंडी वाजते."

खुंटीवरचे मोजे नेऊन नळीला अडकवले. सकाळपासून रडते आहे. दुःखाने नाही, देवा, दुःखाने नाही.

१० एप्रिल

कळी फुटायला आली. फावडं घेतलंय. गुऱ्हाळामागे, सावलीत, बर्फ अजून पुष्कळ —

गुऱ्हाळात एक बादली रिकामी पडली आहे. एवढ्या जाड बुंध्याला तीन सहज